मी गोड थोबवाच केला होता

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. बुडाला भोक पडलेला, न्याहारा नावाच्या एका म्हातारीच्या थडग्यावर उपडा ठेवलेला. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या, घड्याळे, सायकली आपल्या सेवेचे गोडवे गातात. मला ते जमणार नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी जी एक गोष्ट घडली, तिची मला लाज वाटते. ती लाज मी तीन वर्षे पोटात ठेवली. आता पोटालाच भोक आहे, आत काही राहत नाही, म्हणून सांगतो.

मला न्याजेरेने घडवले. ती न्याहाराची सासू. आमच्या गावांत, जोहान्सबर्गपासून बसने दोन दिवसांच्या वाटेवर, बाई लग्न होऊन आली तरी तिला माहेरच्या कुळानेच हाक मारतात. न्याजेरे म्हणजे जेरेंची लेक आणि न्याहारा म्हणजे हारांची. न्याजेरेने ओढ्याकाठची काळी माती आणली, मक्याच्या रिकाम्या कणसाने माझे पोट घासून गुळगुळीत केले आणि काठावर अंगठ्याच्या नखाने अकरा खुणा केल्या. अकरावी करताना कुणीतरी हाक मारली, तिने मान वळवली आणि ती खूण जरा जास्तच खोल गेली. ती अजून तशीच आहे.

न्याजेरे दारू करायची. मक्याची आणि नाचणीची, जाडसर, फेसाळ. तिच्याकडे पाच रांजण होते. मी सर्वांत धाकटा आणि, खोटे कशाला बोलू, सर्वांत तरबेज. इतरांच्या पोटात दारू चढायला चार दिवस लागत, माझ्या पोटात दोन. मातीला बारीक छिद्रे असतात. मागच्या दारूचा अंश त्यांत दडून बसतो आणि नवे पीठ आले की त्याला जागे करतो. शेजारचा मोयो तेव्हा तरणाताठा होता. तो म्हणायचा, "काकू, तुमच्या ह्या धाकट्यात नुसतं पाणी ठेवलं ना, तरी ते सकाळी नाचायला लागेल!" ही तारीफ मी आयुष्यभर मिरवली. आज तीच माझ्या डोळ्यांसमोर येते आणि मान वर होत नाही.

म्हातारपणी न्याजेरेने बाप्तिस्मा घेतला. आमच्या चर्चचा नियम असा की दारूची भांडी आणून अंगणात सगळ्यांसमोर फोडायची. पंचांपैकी झिंबा त्या वेळी अंगाने दणकट होते, हातोडा त्यांच्याकडे होता. चार रांजण फुटले.

"पाचवा कुठाय?" झिंबांनी विचारले.

"फुटला मागंच," न्याजेरे म्हणाली.

मी तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या दाण्यांनी भरून बसलो होतो. घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "ह्यात कायम घेवडाच ठेव. हा दारूचा होता हे कुणाला सांगायचं नाही. स्वतःच्या हातचं लेकरू मला फोडवलं नाही बघ. एवढं एक पाप राहू दे माझ्या नावावर."

"नाही सांगणार, आई," न्याहारा म्हणाली.

चार वर्षांनी न्याजेरे गेली. चर्चच्या महिला संघाच्या बायका पांढरे रुमाल डोक्याला बांधून आल्या आणि तिला गात गात नेले. लोक म्हणाले, बघा, दारूवाली होती पण शेवट किती सुंदर झाला. मी घेवडा पोटात धरून गप्प बसलो.

अशी एकूण वीस वर्षे मी घेवडा सांभाळला. कोरडा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरे तर तेच माझे सगळ्यांत चांगले दिवस होते. मला मात्र ते तेव्हा कळले नाही. मी मनातल्या मनात फेसाची आठवण काढत बसायचो.

आता न्याहाराविषयी. ती जन्मापासून चर्चमधली. तीस वर्षे तिच्या डोक्याला संघाचा पांढरा रुमाल होता. संघ गुरुवारी जमायचा, म्हणून दर बुधवारी ती निखाऱ्याची इस्त्री तापवायची, बोटांनी पाणी शिंपडायची आणि रुमालाच्या घड्या अशा मोडायची की एक सुरकुती दिसली तर शपथ. गाण्यात ती पार बेसूर होती आणि हे तिला माहीत नव्हते, त्यामुळे ती सगळ्यांत मोठ्याने गायची. जीभही तिखट होती. "झिंबा प्रार्थनेला उभे राहिले की मी घेवडा चुलीवर ठेवून येते," ती म्हणायची, "आमेन होईस्तोवर शिजलेला असतो." पण ती प्रत्येक प्रार्थना शेवटपर्यंत उभी राहून ऐकायची. आणि खोटे तिला बोलता यायचे नाही. विकायला नेलेल्या कोंबडीविषयीसुद्धा ती गिऱ्हाइकाला आधीच सांगायची की ही अंडी कमी देते.

तीन वर्षांपूर्वी सात गावांच्या महिला संघांचा मेळावा आमच्या गावी ठरला. थोबवा करायचे काम न्याहाराकडे आले. थोबवा म्हणजे मक्याच्या पिठाची पेज. तिच्यात मोड आलेल्या नाचणीचे पीठ घालून रात्रभर मुरवायची, की सकाळी ती गोड होते. लहान पोरांपासून पाळकांपर्यंत सगळे पितात. न्याहाराच्या हातचा थोबवा पंचक्रोशीत नावाजलेला होता. पण तिचे मोठे ॲल्युमिनियमचे पातेले कुणीतरी मयतीला नेले होते आणि ते गळके होऊन परत आले होते. तिने इकडे तिकडे पाहिले. तिची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, तिने कसूर केली नाही. घेवडा काढला. वाळू आणि राख घेऊन मला आतून घासले. तीनदा उकळते पाणी ओतले. तिला वाटले, वीस वर्षे झाली, आता ह्याच्यात काय उरले असणार? तिने आयुष्यात कधी दारू केली नव्हती, रांजणाचा स्वभाव तिला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होता. कोमट पेज पोटात पडली आणि माझ्या छिद्राछिद्रांतून न्याजेरेची जुनी दारू जागी झाली. आधी एक बुडबुडा आला, मग दहा आले. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. वीस वर्षांनी मी पुन्हा कामाला लागलो होतो आणि सकाळपर्यंत माझ्या तोंडावर असा फेस आला की न्याजेरे असती तर तिने गालावर हात फिरवला असता. हीच ती माझी लाज. माझ्या हातून चूक झाली एवढेच असते तर गोष्ट वेगळी. मी ती चूक अभिमानाने केली.

न्याहाराने सकाळी चव बघितली नाही. घाईत होती, आणि इतरांच्या आधी आपण तोंड लावायचे नाही अशी तिची रीत होती. ऊन कडक होते. सात गावांच्या बायका चालून आल्या होत्या. आमच्या गावच्या संघाची अध्यक्ष न्यासोको सगळ्यांत दमलेली, तिने लागोपाठ तीन मग रिचवले.

मग झिंबा प्रार्थनेला उभे राहिले. प्रार्थना अर्ध्यावर आली असताना न्यासोको फिसकन हसली. मग तिने भलत्याच जागी चारदा "आमेन" म्हटले. मग ती खाली बसली, पण जिथे बसली तिथे बाक नव्हता. पलीकडच्या गावच्या दोघी तिला उठवायला गेल्या आणि तिथेच कंबर हलवायला लागल्या. झिंबांनी तिचा मग उचलून नाकाशी नेला.

"ही दारू आहे," ते म्हणाले.

न्याहारा उठून उभी राहिली. "मी गोड थोबवाच केला होता."

"मग अध्यक्षीणबाई जमिनीवर कशा?"

बायका हसल्या. ते हसू न्यासोकोच्या वर्मी लागले. सात गावांसमोर तिची फजिती झाली होती. ती कपड्यांची धूळ झटकत उठली आणि म्हणाली, "सासूची विद्या सुनेनं बरी उचलली! म्हातारी दारूवाली होती हे काय कुणाला ठाऊक नाही?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण एकदा बोललेला शब्द परत घशात जात नाही.

चर्चचा नियम साधा होता. सहा महिने प्रभुभोजन बंद. पांढरा रुमाल जमा करायचा. सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर उभे राहून "मी दारू केली, मी चुकले" म्हणायचे आणि रुमाल परत घ्यायचा. न्याहाराने रुमालाची चार पदरी घडी केली आणि टेबलावर ठेवली. सहा महिने झाले. वर्ष झाले. ती उभी राहिली नाही.

तिचा थोरला मुलगा वेस्टन जोहान्सबर्गला काम करतो. त्याचा फोन आला की ती स्वयंपाकघरातच बोलायची, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

"आई, दोन शब्द बोल आणि मोकळी हो ना," तो म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय. मी दारू केलीच नाही रे. देवाच्या घरात उभी राहून केली म्हणू? आज खोटं न बोलल्याची शिक्षा भोगतेय, उद्या खोटं बोलल्याची भोगू?"

"असं काय, तू एकटीच खरी आणि सगळं गाव खोटं?"

फोन ठेवल्यावर मुलगी टोवेरा तिच्यामागे लागली. "अगं, मग खरं काय झालं ते तरी सांग! पीठ खराब होतं? कुणी काही मिसळलं?"

"मला काय माहीत," न्याहारा म्हणाली. पण बोलताना तिची नजर माझ्याकडे गेली.

कारण तिला माहीत होते. मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी, घरात कुणी नसताना, तिने माझ्या तोंडात डोके घालून बराच वेळ वास घेतला होता. मग डोके बाहेर काढून माझ्याकडे बघितले आणि अगदी हळू विचारले, "तूच ना रे?"

रांजणाला उत्तर देता येत नाही.

"तुला फोडलं तर म्हणतील, पुरावा पुरला," ती म्हणाली. "आणि खरं सांगितलं तर म्हणतील, म्हातारीनं बाप्तिस्मा घेताना देवाला फसवलं. शब्द दिलाय मी तिला. जाऊ दे. तिचा हात आहे तुझ्यावर." आणि तिने माझ्यात पुन्हा घेवडा भरला.

तिने मला शिवी दिली असती, लाथ मारली असती, तर मला बरे वाटले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि संन्यासी चोराच्या पोटात घेवडा भरत होता.

तीन वर्षे ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. डोक्याला साधे रंगीत फडके. प्रभुभोजनाचे ताट समोरून पुढे जायचे. मी चर्च आतून कधी पाहिले नाही, पण रविवारी ती परत येऊन चुलीपाशी बसायची तेव्हा तिचा चेहरा पाहायचो. बुधवारी हात सवयीने इस्त्री तापवायचे. मग आठवायचे. मग ती टोवेराच्या मुलींचे शाळेचे फ्रॉक इस्त्री करत बसायची.

आमच्याकडे जुलै म्हणजे कोरडी थंडी; त्या थंडीत तिला खोकला लागला. ती एकदा टोवेराला म्हणाली, "मी गेले की पांढऱ्या रुमालाच्या बायका गातील असं वाटत नाही. तू गा. आणि एक कर, माझं डोकं बोडकं ठेवून पुरू नका."

"काहीतरीच बोलतेस. कुठं चाललीस तू?"

"कुठं नाही. घेवडा आणायला," म्हातारी म्हणाली.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती खरेच घेवडा काढायला आली. वाकली, थांबली, माझ्या काठाला धरून खाली बसली. तिचा हात माझ्या अकराव्या खुणेवर होता. टोवेराने येऊन पाहिले तेव्हा हात थंड पडला होता.

रडणे सुरू झाले आणि गाव जमले. बायका आत, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. प्रत्येक घरातून पिठाची टोपली आणि एकेक लाकूड आले. वेस्टन बसमध्ये होता, त्याला पोचायला गुरुवार उजाडणार होता. झिंबा आता म्हातारे झाले होते. त्यांनी टोपी काढली, आत जाऊन दर्शन घेतले आणि बाहेर येऊन टोवेराला बाजूला घेतले.

"पोरी, घंटा वाजवता येणार नाही. संघही यायचा नाही. तिची शिक्षा उठली नव्हती."

"काका, तीस वर्षं तिनं तुमच्या एवढाल्या प्रार्थना उभी राहून ऐकल्या. त्याचं काहीच नाही का?"

"नियम मी केलेला नाही गं." त्यांचा आवाज पडला होता. ते दुष्ट नव्हते. तिथे कुणीच दुष्ट नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटते.

न्यासोकोही आली. डोक्याला रंगीत फडके, काखेत पिठाची टोपली. दारात उभी राहून म्हणाली, "मी शेजारीण म्हणून आलेय. संघाची म्हणून नाही."

"कशीही या, मावशी," टोवेरा म्हणाली. "जमिनीवर बसायची सवय आहेच तुम्हाला."

न्यासोकोने तो टोमणा गिळला, कमरेचे कापड घट्ट खोचले आणि चुलीचा ताबा घेतला. दोन दिवस ती उठली नाही. दोनशे माणसांची सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घाटली, तिचे हात पोळले. बाई तोंडाची फाटकी, पण कामाला वाघीण.

गुरुवारी सकाळी कबर खणायची होती. जुलैतली जमीन दगडासारखी असते, खणणाऱ्यांना सकाळीच थोबवा न्यावा लागतो. बुधवारी दुपारी न्यासोकोने भांडी शोधली. सगळी पातेली सिमेत नि घेवड्यात अडकलेली. तिची नजर माझ्यावर पडली.

तिने घेवडा काढला. वाळू आणि राखेने घासले. तीनदा उकळते पाणी ओतले. पीठ तिच्या घरचे, नाचणी तिच्या घरची, हात तिचा.

मित्रांनो, इथे मला एक सुंदर थाप मारता आली असती. न्याहाराचा कलंक पुसावा म्हणून मी मुद्दाम तसे केले, असे मी म्हणालो असतो तर तुम्ही मला शाबासकी दिली असती. पण ते खरे नाही. मी त्या पेजेला आतून विनवत होतो, बाई, झोप, आज तरी झोप, घरात मयत आहे. आणि विनवता विनवता पहिला बुडबुडा आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी तर मातीचा, मला मरणही नव्हते. शेवटी पहिल्यासारखाच फेस आला, आणि कुठेतरी आत, अगदी आत, मला पुन्हा बरे वाटले.

सकाळी मला ढकलगाडीत घालून कबरस्तानात नेले. खणणाऱ्या सहा गड्यांनी दोन दोन मग घेतले, मग आणखी एकेक. थोड्या वेळाने त्यांच्यातला एक लग्नातले गाणे म्हणायला लागला. दुसऱ्याने ताल धरला. खड्डा एका बाजूला फुगत चालला. तिसरा खड्ड्यातच बसला आणि वर यायला तयार होईना.

"वर ये रे!"

"नाही. इथं बरं वाटतंय. म्हातारीला म्हणावं, शेजारी झोप."

त्याच वेळी झिंबा खड्ड्याचे माप घ्यायला काठी घेऊन आले. मागून वेस्टन, बसमधून उतरून थेट, खांद्याला पिशवी तशीच. टोवेरा त्याच्याबरोबर. झिंबांनी एक मग उचलून नाकाशी नेला.

"मयताच्या कामाला दारू? कुणी केली ही?"

सगळे न्यासोकोकडे बघू लागले. ती हातात डाव घेऊन उभी होती. तोंडावरचा रंग उडाला होता.

"मी," ती म्हणाली. "पण मी गोड थोबवाच केला होता."

बोलली आणि थांबली. हे वाक्य तिने पूर्वी ऐकले होते. तिथल्या प्रत्येकाने ऐकले होते. लग्नातले गाणे म्हणणारा गडीसुद्धा गायचा थांबला.

तेवढ्यात मोयो आजोबा काठी टेकत पुढे आले. आता त्यांना दिसत नाही. "मला द्या बघू घोटभर," ते म्हणाले. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मग हात पुढे करून माझा काठ चाचपायला लागले. बोटे एकेक खूण मोजत गेली. अकरावीपाशी थांबली.

"हा न्याजेरेचा धाकटा," ते म्हणाले. "पाचवा. ह्याच्यात पाणी ठेवलं तरी नाचतं."

"पाचवा फुटला होता," झिंबा म्हणाले. "मला तिनं स्वतः सांगितलं."

"तुला सांगितलं असेल. रांजणाला नव्हतं सांगितलं."

कुणी हसले नाही. न्यासोकोने डाव खाली ठेवला. "म्हणजे ती खरं बोलत होती," ती म्हणाली. "तीन वर्षं खरंच बोलत होती."

"आणि तिला माहीत होतं," टोवेरा हळूच म्हणाली. "मी विचारलं की ती ह्या रांजणाकडे बघायची. आजीचं नाव जाऊ नये म्हणून गप्प बसली."

वेस्टन उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसला. "मी तिला म्हणालो होतो, तू एकटीच खरी का," तो म्हणाला. "असं म्हणालो होतो मी." आणि एवढा थोराड माणूस पिशवीत तोंड खुपसून रडला.

त्या क्षणी मला फुटून जावेसे वाटले. एकीला कलंक माझ्यामुळे लागला. आणि आता तो पुसला गेला, तर दुसरीचे गुपित माझ्यामुळेच उघडे पडले, जे न्याहाराने जीव जाईपर्यंत जपले होते.

पाळक मोटारसायकलवरून आले तेव्हा लोक गोळा झाले होते. झिंबांनी सगळे सांगितले आणि म्हणाले, "पण शिक्षा उठवायची तर माणसानं उभं राहावं लागतं. मेलेल्या माणसाची शिक्षा उठवायचा नियमच नाही आपल्याकडे."

"आणि दारू केली त्याचा आहे?" न्यासोकोने विचारले.

"आहे ना."

"मी केली. सगळ्यांसमोर सांगते. नियम काय म्हणतो?"

झिंबा गडबडले. "म्हणजे... रुमाल जमा करायचा."

"मग करते."

ती घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता. झिंबांनी हात पुढे केला. ती त्यांच्या बाजूने गेली, न्याहाराच्या घरात शिरली आणि शवपेटीपाशी गुडघे टेकले. मला ढकलगाडीतून परत आणून दाराशी ठेवले होते, मी पाहिले. तिने तो रुमाल न्याहाराच्या डोक्याला बांधला, पाण्याने बोटे भिजवून कडा बसवल्या.

"झाला जमा," ती म्हणाली. "कुणाला काढून घ्यायचा असेल तर घ्या."

कुणी पुढे झाले नाही. पाळक झिंबांना एवढेच म्हणाले, "घंटा वाजवा." झिंबांनी दुसऱ्या कुणाला दोर धरू दिला नाही. वाजवताना ते लहान पोरासारखे नाक पुसत होते.

घंटा ऐकून संघाच्या बायका घराकडे पळाल्या आणि पांढरे रुमाल बांधून धापा टाकत परत आल्या. एकीची बटणे चुकीची लागली होती. त्यांनी न्याहाराला गात गात नेले. गाणे फार सुरेख झाले, एकही सूर चुकला नाही. टोवेराला तेच सहन झाले नाही. ती मध्येच ओरडली, "आईसारखं गा ना कुणीतरी!" आणि मग ती स्वतःच गायली, मोठ्याने, बेसूर.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचे एक भांडे भोक पाडून थडग्यावर ठेवतात. झिंबांनी कुदळ उचलली. "पाचवा माझ्याकडून राहिलाच होता," ते म्हणाले.

"फोडू नका, काका," टोवेरा म्हणाली. "फक्त बुडाला भोक पाडा. आजीच्या हातचा आहे."

त्यांनी अगदी हळू ठोकले. माझे बूड गेले आणि माझी तरबेजी त्याबरोबर गेली. मला वाईट वाटले नाही.

न्यासोकोने त्यानंतर नवा रुमाल घेतला नाही. संघाने दिला तरी घेतला नाही. ती आता चर्चमध्ये मागच्या बाकावर, न्याहाराच्या जागी बसते, आणि गुरुवारी इकडे येऊन माझ्यावर साचलेली पाने झाडते.

मित्रांनो, मला विनंती करायचा हक्क नाही, तरी करतो. जुने भांडे वापरायला काढाल तेव्हा ते आधी कशाचे होते, एवढे विचारा. आणि एखादे खरे बोलणारे माणूस "मी केले नाही" म्हणाले, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी भांड्याचा घ्या. ते माणूस जिवंत असतानाच घ्या.

आणि न्याहारा, तू मला एकदाच काही विचारले होतेस. तेव्हा मला बोलता आले नाही. आता वारा ह्या भोकातून आत शिरतो आणि माझ्या पोटात आवाज होतो. लोकांना वाटते, वारा घुमतो आहे. तो मी तुला उत्तर देतो आहे.

हो. मीच.